शाळेच्या ओसरीवरून : लाल कोठीची सहल

शाळेच्या सहलीचा विषय निघाला की पालकांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती बस, मग खाऊचा डबा आणि शेवटी एखादी बाग किंवा धबधबा. सहल म्हणजे अभ्यासाला सुट्टी, ही आपली जुनी समजूत आहे आणि तीत वावगे असे काही नाही. मुलांना मोकळा वारा हवाच. परंतु सहलीचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याकडे आपल्या शाळांचे व घरांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. तो म्हणजे ज्या घरांतून राज्यकारभाराची सूत्रे हलली, ती घरे मुलांना आतून दाखविणे. या महिन्यात आमच्या शाळेत अशाच एका सहलीची आखणी चालू आहे. त्या निमित्ताने जे सुचले, ते या ओसरीवर बसून वाचकांना सांगावे, असा आजचा बेत आहे.

आमची शाळा शाहपुऱ्यातली, सरकारी आणि प्राथमिक. शाहपुरा म्हटले की भोपाळकरांना तलाव आणि त्याच्या काठची टुमदार घरे आठवतात. त्या घरांच्या आडोशाला ज्या वस्त्या आहेत, तेथून आमची मुले येतात. चौथीचा वर्ग ३० मुलांचा, पाचवीचा ३२ मुलांचा. या ६२ मुलांना जेथे न्यायचे आहे ते ठिकाण फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे : भोपाळचे राजभवन, म्हणजेच जुनी लाल कोठी. अंतर एवढे थोडे असूनही या मुलांपैकी एकानेही ती वास्तू फाटकाच्या आतून पाहिलेली नाही. त्यांच्या आईवडिलांनीही पाहिलेली नाही. अर्धा तास आणि तीन पिढ्या, असे ते अंतर आहे.

या कोठीचा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. नवाब शाहजहाँ बेगम यांच्या कारकिर्दीत १८८० साली ही इमारत उभी राहिली, ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या निवासासाठी. छपरावर लाल कौले होती म्हणून लोक तिला लाल कोठी म्हणू लागले. आपल्याकडे विदर्भातून आलेल्या घरांत कौलांना ‘कवेलू’ म्हणतात. भोपाळच्या बोलीतही तोच शब्द आहे. तेव्हा हे नाव मुलांना समजावून सांगताना शब्दकोश उघडावा लागत नाही. बेगम स्वतः राज्य करीत होत्या, तरीही आपल्याच राजधानीत त्यांना परक्या सत्तेच्या प्रतिनिधींसाठी घर बांधून द्यावे लागले. मांडलिक राज्य म्हणजे काय, हे पाचवीच्या मुलाला व्याख्या पाठ करून उमगत नाही. “राज्य बेगमसाहेबांचे, पण त्यांच्यावरही कोणी होते, त्या ‘कोणी’चे हे घर,” एवढे म्हटले की ते चटकन ध्यानात येते.

पुढे १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारच्या हाती आला आणि केंद्राने नेमलेले मुख्य आयुक्त या घरात राहू लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य स्थापन झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि कोठीचे राजभवन झाले. २०२५ च्या अखेरीस देशभरच्या राजभवनांना ‘लोकभवन’ म्हणावे असे ठरले. बेगमांचे राज्य, इंग्रजांचा अंमल, केंद्राचा कारभार आणि लोकांचे राज्य, इतके सारे एकाच छपराखाली येऊन गेले. घर जागचे हलले नाही. त्यात राहणाऱ्याचा हक्क कोठून येतो, याचे उत्तर मात्र दर वेळी बदलले. माझ्या मते प्राथमिक शाळेतील नागरिकशास्त्राचा सारा गाभा या एका वाक्यात आहे.

मराठी वाचकांना या घराविषयी आणखी एक जवळीक वाटावी. १९५७ ते १९६५ या काळात येथे राज्यपाल म्हणून हरि विनायक पाटसकर राहिले. त्यापूर्वी केंद्रात विधी खात्याचे मंत्री असताना हिंदू कायद्याच्या सुधारणेची विधेयके संसदेतून पार पाडण्याचे काम त्यांनी केले होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसाहक्क मिळाला, त्यामागे ज्यांचे श्रम होते त्यांतले ते एक. एका स्त्रीच्या राज्यात बांधलेल्या घरात मुलींच्या हक्कासाठी झटलेला मराठी माणूस आठ वर्षे राहिला, हा योगायोग पाचवीच्या मुलींना सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. त्यांच्यासाठी मी एक गणितही घातले आहे. कोठी बांधली १८८० मध्ये. राज्यपाल म्हणून तेथे राहायला आलेल्या पहिल्या स्त्री सरला ग्रेवाल, १९८९ मध्ये. मधली वर्षे किती? एकशे नऊ. वजाबाकी सोपी आहे. तिच्यावरची चर्चा मात्र पुढची पूर्ण तासिका चालली.

सहलीची खरी आखणी मुलांच्या प्रश्नांपासून सुरू करावी, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आम्ही प्रत्येक मुलाला एक प्रश्न तयार करायला सांगितला. अट एकच : ज्याचे उत्तर पुस्तकात सापडते तो प्रश्न चालणार नाही. खोल्या किती, स्वयंपाक कोण करते, रात्री दिवे कोण मालवते, मांजर पाळायची परवानगी असते का, असे प्रश्न आले. पण निम्म्याहून अधिक मुलांच्या कागदावर थोड्याफार फरकाने एकच प्रश्न होता : “सर, इस घर का किराया कौन देता है?”

ज्या मुलाच्या घरी दर महिन्याच्या सुरुवातीला भाड्याची चिंता शिरते, त्याला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. बंगल्यातल्या मुलाला तो सुचणार नाही. आणि गंमत अशी, की आपल्या राज्यघटनेने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. कलम १५८ सांगते की राज्यपालांना अधिकृत निवासस्थान भाडे न देता वापरता येईल. मुलांना हे सांगितले तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग एकाने विचारले, “मग घर कोणाचे?” याच प्रश्नासाठी सहल काढायची होती. घर पदाचे आहे, माणसाचे नाही. कलम १५६ प्रमाणे पदाची मुदत साधारणपणे पाच वर्षांची. मुदत संपली की सामान बांधायचे. कलम १५९ प्रमाणे या पदावर येणाऱ्याने शपथ घ्यायची, ती राज्यघटनेचे रक्षण करण्याची आणि राज्यातील लोकांच्या सेवेस व कल्याणास वाहून घेण्याची. म्हणजे भाडे आहेच. ते पैशांत द्यायचे नाही, कामात द्यायचे. आणि कलम १५७ सांगते, की भारताचा नागरिक असलेली आणि वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती या पदाला पात्र ठरू शकते. नेमणूक राष्ट्रपती करतात, हेही सांगितले. पण मुलांच्या मनात ठसला तो पस्तीसचा आकडा. दहा वर्षांच्या एका मुलीने बोटांवर हिशेब करून “मला अजून पंचवीस वर्षे आहेत” असे जाहीर केले. कोणी हसले नाही, याचे मला समाधान वाटले.

परंतु सहल केवळ मुलांची नसते. संमतिपत्रे घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी काही आया शाळेत आल्या. त्यांतल्या एक बाई चार इमली भागातील बंगल्यांवर धुणीभांडी करतात. त्यांची मुलगी पाचवीत आहे. संमतिपत्रावर त्यांनी सही केली होती, पण चेहरा चिंतातुर होता. म्हणाल्या, “सर, बच्ची को समझा देना, किसी चीज़ को हाथ न लगाए.” आणि मग हळूच विचारले, की मुलीकडे बूट नाहीत, चपलेवर आत सोडतील का?

वाचकहो, या दोन वाक्यांनी मला सहलीचा हेतू जितका स्पष्ट करून दिला, तितका कोणत्याही शैक्षणिक परिपत्रकाने दिला नसता. मोठी घरे या कुटुंबांना अपरिचित नाहीत. उलट आपल्यापेक्षा त्यांनी ती अधिक जवळून पाहिली आहेत. मात्र ती मागच्या दाराने, आणि काहीही फुटले तरी आपल्यावर येईल या धाकाने. आई जो धाक रोज कामावर घेऊन जाते, तोच तिने मुलीच्या दप्तरात घातला होता, तोही केवळ मायेपोटी. मी म्हटले, “ताई, वस्तूंना हात लावायचा नाही हे सगळ्याच मुलांना सांगितले आहे, कलेक्टरचा मुलगा असता तरी हेच सांगितले असते. चपलांचे म्हणाल तर त्या दिवशी सगळी मुले चपलाच घालून येतील, तसे ठरले आहे. आणि मदतीला आम्हांला तीन आया हव्या आहेत. तुम्ही याल का?” त्यांनी थोडा विचार केला. दोन घरी सुट्टी सांगावी लागेल, एवढे म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी येऊन यादीत नाव घालून गेल्या.

आता खर्चाविषयी. सहलीचे पैसे मुलांकडून वर्गात गोळा करण्याची पद्धत मला मान्य नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका शाळेत पाहिलेला प्रकार अजून विसरलो नाही. पैसे भरू न शकलेली आठ-दहा मुले सहलीच्या दिवशी शाळेत बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा निबंध मात्र साऱ्या वर्गाला घालण्यात आला. त्या मुलांनीही निबंध लिहिले. न पाहिलेल्या बागेतली न पाहिलेली कारंजी त्यांनी मोठ्या हौसेने वर्णिली होती. कल्पनाशक्तीला वाव मिळाला, असे त्यावर कोणी म्हणेल. मला ते निबंध वाचवले नव्हते. आणि जे घर सर्वांचे आहे असे शिकवायला निघायचे, त्याच्या दारापर्यंत पैसे असलेल्यांनीच जायचे, हा धडा तर उलटाच होईल. म्हणून या वेळी बसचा खर्च शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे ठेवला. ज्यांना जमेल त्यांनी द्यावे. कोणी किती दिले ते मुलांना कळू नये, एवढेच ठरले. वस्तीतल्या किराणा दुकानदारापासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांनी हातभार लावला आणि काम झाले.

बाकीची व्यवस्था थोडक्यात सांगतो. इतर शाळांना आणि आपापल्या मंडळाच्या बालसहली काढणाऱ्यांना ती उपयोगी पडावी. दोन वर्ग एकाच दिवशी न्यायचे नाहीत. बत्तीस मुले, आठ-आठांचे चार गट, प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस, असे पाचवीचे नियोजन आहे. चौथीची सहल पुढच्या आठवड्यात. अशा ठिकाणी सुरक्षेचे नियम असतात, म्हणून परवानगीच्या पत्राबरोबर मुलांची व मोठ्यांची पूर्ण यादी आधीच पाठवायची आणि मागाहून नावे वाढवायची नाहीत. बसमध्ये चढताना व उतरताना मुले मोजायची ती आकड्याने नव्हे, नावाने. आकडा बरोबर येतो आणि मूल भलत्याच शाळेचे असते, असे घडू शकते. प्रत्येकाच्या खिशात शाळेचा दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी द्यायची. छातीवर नाव लावायचे नाही, कारण नाव वाचून परक्याने हाक मारली तर मूल विश्वासाने जाते. निघण्यापूर्वी शाळेतच सर्वांनी स्वच्छतागृहाकडे जाऊन यायचे. आणि डबा आणायचा नाही. साडेदहाला निघून दुपारच्या भोजनाला शाळेत परतायचे व नेहमीसारखे सर्वांनी एका पंगतीत जेवायचे. डबे उघडले की कोणाच्या घरी काय शिजते ते उघडे पडते. त्या दिवशी तरी ते नको.

लाल कोठी पाहून झाल्यावर मोठ्या तलावावर बोटीत बसायचे, असा मुलांचा हट्ट आहे. भोपाळच्या मुलाला तलाव दिसला की बोट आठवणारच. मी ठाम नकार दिला आहे आणि कारणही सांगितले आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका त्यात गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण बसविले होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. सहलीच्या शेवटी ‘जाता जाता’ म्हणून जोडलेला कार्यक्रम हाच बहुधा सर्वांत कमी विचार केलेला असतो. एक सहल, एक ठिकाण, हा नियम लहान मुलांसाठी पाळावाच.

मात्र जाण्यायेण्याच्या वाटेवर बसच्या खिडकीतून जे दिसते ते फुकट आहे. आमची बस शिवाजीनगर, रोशनपुरा या बाजूने जाईल. राजभवनाच्या जवळच जुना मिंटो हॉल आहे. १९०९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो भोपाळला आले तेव्हा सुलतान जहाँ बेगमांच्या कारकिर्दीत त्याचा पाया घातला गेला. १९५६ पासून १९९६ पर्यंत मध्य प्रदेशची विधानसभा तेथेच भरत असे. १९९६ मध्ये अरेरा टेकडीवर चार्ल्स कोरिया यांनी आरेखलेले नवे विधानभवन सुरू झाले. त्याचे उद्‌घाटन राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी केले. ते मूळचे भोपाळचे, आणि १९५२ ते १९५६ या काळात जुन्या भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री. येथील एक मुलगा राष्ट्रपती होऊन आपल्या गावी परत येतो, हे ऐकल्यावर पस्तिशीचा हिशेब करणाऱ्या त्या मुलीच्या मनात काय चालले असेल, याचा विचार करून पाहावा.

इथवर आमच्या शाळेचे झाले. आता आपल्या घरांविषयी थोडेसे. १९५६ पूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि सचिवालयाची दप्तरे पेट्यांत भरून भोपाळला आली. त्या दप्तरांमागोमाग मराठी कारकून, अधीक्षक, टंकलेखक आणि शिक्षक आले. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे भोपाळपण त्या एका बदलीच्या हुकमापासून सुरू होते. त्याच वेळी नागपूरहून आणखी एक कुटुंब भोपाळला आले, ते राज्यपाल पट्टाभि सीतारामय्या यांचे. जुन्या राज्याचे ते राज्यपाल होते, नव्याचेही पहिले राज्यपाल झाले. म्हणजे लाल कोठीत राहायला आलेले पहिले राज्यपाल आणि तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये ट्रंका उतरविणारे आपले आजोबा, दोघेही एकाच बदलीचे प्रवासी.

त्या क्वार्टरांची आठवण ज्यांना असेल त्यांना सरकारी निवासस्थान म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही. भिंतीत खिळा ठोकताना, “घर आपले नाही, सरकारी आहे” असे वडील बजावीत. तरीही अंगणात कढीपत्ता आणि पेरू लावला जाई, तुळशीवृंदावन मांडले जाई आणि दिवाळीला चुना पदरच्या पैशांनी लागे. निवृत्तीनंतर ठराविक मुदतीत किल्ली परत करायची, पेरूचे झाड पुढच्यासाठी सोडून यायचे. त्या क्वार्टरांपैकी बरीचशी अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात पाडली गेली. पण जो नियम त्या दोन खोल्यांना होता, तोच लाल कोठीला आहे. पदाबरोबर यायचे, पदाबरोबर जायचे, मध्यंतरी घर आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीत ठेवायचे. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मराठी घरांना हा संस्कार आयता मिळाला होता. आता आपण स्वतःच्या सदनिकांत राहतो, भिंतीत हवे तेवढे खिळे ठोकतो, आणि सार्वजनिक वास्तू म्हणजे ‘त्यांची’ असे आपली मुले सहज बोलून जातात. हे ‘त्यांची’ कोठून आले, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

त्यासाठी शाळेची वाट पाहायला नको. भोपाळचे हे भवन प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. वर्तमानपत्रात सूचना येते, तिच्याकडे लक्ष ठेवावे. हैदराबादकर वाचकांना बोलारमचे राष्ट्रपती निलयम २०२३ पासून पाहता येते. दिल्लीकरांना राष्ट्रपती भवन आहे, जेथे व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या ३४० खोल्यांच्या प्रासादात १९४८ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी हे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल म्हणून राहायला गेले. मुंबईस गेलात तर मलबार हिलच्या राजभवनाखाली २०१६ मध्ये सापडलेले इंग्रजी अमदानीतले भुयार आता संग्रहालय झाले आहे. कोठेही जा, पण जाण्याच्या आदल्या रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांजवळ बसवा आणि आपण या गावात कसे आलो, पहिले घर कोणते मिळाले, त्याची किल्ली कोणाला परत केली, हे त्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. मग भवनाच्या पायऱ्या चढताना मुलाला ते घर परके वाटणार नाही.

आमची सहल थंडी सरण्यापूर्वी, पुढच्या महिन्यात होईल. परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध लिहायचा नाही, असे मुलांना आधीच सांगितले आहे. त्याऐवजी प्रत्येकाने एक पत्र लिहायचे : ज्याने घर दाखविले त्याला, किंवा बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याला, किंवा फाटकावरच्या शिपायाला. घर सर्वांचे असले तरी ते सांभाळणाऱ्यांचे आभार मानायचे असतात. पत्राखाली आपले पूर्ण नाव, वर्ग आणि शाळा लिहायची, म्हणजे कोण येऊन गेले ते त्या घरालाही कळेल.